कुलपाला पटलेला चेहरा

चेहरा धुऊन भागू स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती आणि तासभर चेहऱ्याला काहीही लावायचं नाही, असा तिला नणंदेचा हुकूम होता. क्रीम नाही, रुमाल नाही, बोटसुद्धा नाही. तास संपला की कपाळावर, नाकावर आणि गालांवर टिशू पेपर दाबायचा. कागद कोरडा राहिला तर त्वचा कोरडी, ओला झाला तर तेलकट, आणि थोडा असा थोडा तसा झाला तर मिश्र. परीक्षा अगदी सोपी होती. पण परीक्षा म्हटलं की भागू घाबरायची, मग ती त्वचेची का असेना.

तिचं खरं नाव वेगळंच होतं. लहानपणी भिंतीवर पडलेल्या स्वतःच्याच सावलीला घाबरून ती कपाटात जाऊन बसली, तेव्हा मोठ्या भावाने तिला भित्री भागूबाई म्हणून चिडवलं. पुढे त्यातलं पुढचं गळलं, मागचं गळलं आणि मधली भागू तेवढी उरली. लग्नानंतर ते नाव तिच्या मागोमाग सासरी आलं. फोन वाजला की ती दचकायची आणि वाजायचा थांबला की, कुणाचं काय झालं असेल, या विचाराने पुन्हा दचकायची.

अशा बाईला नोकरी मिळावी तरी कुठे? तर कुलपांच्या कंपनीत, तक्रार विभागात. दिवसभर तिला घाबरलेल्या लोकांचे फोन यायचे. कुणी चावी आत ठेवून बाहेर अडकलेलं असायचं, कुणाचं पोर न्हाणीघरात कोंडलेलं असायचं, कुणाची तिजोरी उघडत नसायची. आणि आश्चर्य म्हणजे हे काम भागूला फार छान जमत होतं. आपल्यापेक्षा जास्त घाबरलेलं माणूस भेटलं की तिला एकदम धीर यायचा. "आधी एक दीर्घ श्वास घ्या," ती शांतपणे सांगायची, "आणि आता आठवून बघा, दुसरं दार आहे का?" बहुतेक वेळा असायचं. घाबरलेल्या माणसाला आपल्याच घराचं दुसरं दार आठवत नाही, एवढंच.

याआधीच्या दोन नोकऱ्या तिने स्वतःच घाबरून सोडल्या होत्या. ही मात्र तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. ती अजून तात्पुरती होती. महिनाअखेरीस मोठ्या बाई मुलाखत घेणार आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार होत्या. मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या सर्वेसर्वा. त्यांचा चेहरा संगमरवराचा होता असं सगळे म्हणत. त्यांना हसताना हल्ली कुणीही पाहिलं नव्हतं.

आणि नेमकं याच महिन्यात कंपनीने नवं कुलूप काढलं होतं. त्याला ना चावी, ना आकडे. चेहरा बघायचं आणि ओळख पटली तर उघडायचं. पहिला प्रयोग म्हणून ते कंपनीच्याच मुख्य दाराला बसवलं होतं आणि हजेरीही त्याच्यावरच लागणार होती. उद्या सगळ्या कर्मचाऱ्यांचे चेहरे त्याच्यात भरायचे होते.

"म्हणजे माझा फोटो काढणार," भागू स्टुलावरून म्हणाली. "आणि माझा फोटो कसा येतो माहितेय ना तुला? पाकीट मारताना पकडल्यासारखा."

"म्हणून तर मेकअप करायचाय, वहिनी," नणंद म्हणाली. नणंदेने सौंदर्याचे बरेच कोर्स सुरू केले होते. एकही संपवला नव्हता, पण सुरुवातीचा भाग तिला प्रत्येक कोर्समधला पाठ होता. "आणि मेकअप त्वचा बघून घ्यायचा असतो. उगाच कुणाचं काहीही फासायचं नाही. तू फक्त शांत बस."

भागू शांत बसली. म्हणजे हात शांत ठेवून बसली. डोकं उद्याच्या दारात जाऊन उभं होतं. फोटो काढताना डोळे मिटले तर? मिटल्या डोळ्यांचा चेहरा कुलपात भरला गेला तर रोज डोळे मिटून आत जावं लागेल का? मग पायरीला अडखळून पडले तर? आणि समोरून मोठ्या बाई येत असल्या तर? तिच्या कपाळावर हळूहळू थेंब जमू लागले.

तास संपला. नणंदेने टिशू दाबला आणि उचलला. तो चिंब झाला होता.

"अगंबाई! केवढी तेलकट!" नणंद आनंदाने ओरडली. कुठलंही निदान झालं की तिला आनंदच व्हायचा.

"पण थंडीत तर माझे गाल फुटतात गं."

"ते वरवरचं. आतून तू तेलकट आहेस. कागद खोटं बोलतो का?"

कागद खोटं बोलत नव्हता, पण तो घामही टिपतो का, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. दोघी त्याच संध्याकाळी दुकानात गेल्या. काउंटरवरच्या मुलीने भागूच्या गालाकडे पाहून शंका काढली, "ताईंची स्किन जरा ड्राय वाटतेय मला." त्यावर नणंदेने पर्समधून तो टिशू काढून काउंटरवर ठेवला. त्यापुढे कोण काय बोलणार? तेलकट त्वचेसाठीचं मॅट फाउंडेशन, तेल शोषून घेणारी पावडर, घाम आला तरी न हलणारी भुवयांची पेन्सिल, असं सगळं पिशवीत पडलं. फाउंडेशनचा रंग दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली निवडला गेला आणि तो भागूपेक्षा चांगला दोन छटा गोरा निघाला. घरी आल्यावर तो ट्यूबलाइटच्या उजेडात पाहून नवरा म्हणाला, "छान आहे. कोणाचा आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेने तिला रंगवलं. आरशात पाहून भागू घाबरलीच. चेहरा गुळगुळीत, पांढरट, भुवया कमानदार आणि ठाम. कुणालाच भ्यायली नसेल अशी एक अनोळखी बाई तिच्याकडे बघत होती. दारातल्या कुलपाने तिच्याकडे पाहून हिरवा दिवा लावला आणि गोड आवाजात म्हटलं, "आपला चेहरा नोंदवला आहे. स्वागत असो." डोळे उघडे होते. भागूला वाटलं, सुटले एकदाची.

पुढच्या दिवशी ती चेहरा धुऊन, वेणी घालून, नेहमीसारखी कामावर गेली.

"क्षमा करा," कुलूप गोड आवाजात म्हणालं. "आपली ओळख पटली नाही."

भागूने मान तिरकी केली, सरळ केली, केस मागे सारले. "क्षमा करा. आपली ओळख पटली नाही. आता एकच प्रयत्न शिल्लक आहे." तिसऱ्यांदा चुकलं की भोंगा वाजणार आणि अनोळखी व्यक्ती म्हणून आपला फोटो थेट मोठ्या बाईंच्या फोनवर जाणार, हे सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं. भागू दोन पावलं मागे सरली.

गेटवरचे काका जवळ आले. कुलूप येण्याआधी या दाराची चावी त्यांच्या कमरेला असायची. आता तिथे फक्त मागच्या, माल उतरवायच्या दाराची चावी उरली होती आणि त्याचं त्यांना फार लागलं होतं.

"काका, मी आहे हो!"

"मला पटतंय ना, ताई. रोज बघतो तुम्हाला," काका हळहळून म्हणाले. "पण मशीन म्हणतंय तुम्ही नाही. आता मशीनपुढे मी काय बोलणार?"

"मागच्या दाराने सोडता का?"

"सोडलं असतं. पण हजेरी इथेच लागते. आत असूनसुद्धा गैरहजर दिसाल."

दुसऱ्याच्या पाठोपाठ आत शिरायलाही मनाई होती. एका वेळी एकच माणूस, नाहीतर पुन्हा भोंगा. दाराच्या बाहेर पाहुण्यांसाठी एक लहानसं प्रसाधनगृह होतं. भागू तिथे धावली. नशिबाने कालची पिशवी पर्समध्येच राहिली होती. तिने आठवेल तसा कालचा चेहरा पुन्हा रंगवला, बाहेर आली आणि श्वास रोखून दारापुढे उभी राहिली.

"सुप्रभात," कुलूप म्हणालं.

म्हणजे आता रोज हाच चेहरा. तक्रार करावी म्हटलं, तर तक्रार विभागात ती स्वतःच बसत होती. शिवाय तक्रार तरी कुणाची करणार? संचालकांसमोर कुलपाचं उद्घाटन करताना मोठ्या बाईंनी ठणकावून सांगितलं होतं, "आमचं कुलूप चुकत नाही. चुकतं ते माणूस." आता कायम व्हायच्या तोंडावर असलेल्या बाईने त्यांच्याकडे जाऊन काय म्हणायचं, की मी मी नाही?

तेव्हापासून भागूची रोजची सकाळ भीतीने सुरू होऊ लागली. आज भुवई कालच्यापेक्षा वर तर गेली नाही ना? पावडर जास्त तर झाली नाही ना? इकडे कोरड्या त्वचेतला होता नव्हता तो ओलावा पावडर पिऊन टाकत होती. गाल ताणले जाऊ लागले. हसलं की तोंडाच्या दोन्ही बाजूंना भेगा पडायच्या आणि त्यांतून खालची खरी भागू दिसायची. म्हणून ती हसेनाशी झाली. शिंक आली तरी ती चेहरा न हलवता शिंकायची, आणि हे सांगायला सोपं असलं तरी करून बघावं. कार्यालयात लोक तिला थोडे बिचकून वागू लागले. एकदा शिपाई तिच्यासाठी उभा राहिला, तेव्हा आपल्या मागे मोठ्या बाई आल्यात असं समजून तीही भिंतीला चिकटून उभी राहिली.

शेवटी चेहऱ्याची सालं निघू लागली आणि नवऱ्याने तिला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"काय लावता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. भागूने पिशवी पुढे केली. त्यांनी एकेक डबी वाचली आणि चष्मा काढला. "हे सगळं तेलकट त्वचेचं आहे. तुमची त्वचा कोरडी आहे. तुम्हाला तेलकट कोणी सांगितलं?"

"टिशूने."

"घाम आला असेल. कशाला घाबरला होतात?"

"टिशूलाच," भागू खाली मान घालून म्हणाली.

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "हे पावडरचं प्रकरण ताबडतोब बंद. मलम देते. हे पुन्हा लावलंत तर चट्टे राहतील, सांगून ठेवते."

"पण डॉक्टर, हे नाही लावलं तर मला आत घेत नाहीत हो."

"असलं कसलं तुमचं ऑफिस?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मुलाखत दोनच दिवसांवर आली होती. नणंदेला सगळं कळलं तेव्हा ती रडली, आणि रडून झाल्यावर भरपाई करायला निघाली. कोरड्या त्वचेसाठीचं ओलसर फाउंडेशन, भरपूर मॉइश्चरायझर, पावडर अजिबात नाही. रंगही या वेळी दारात उभं राहून, भर उन्हात जुळवून आणला. मुलाखतीच्या सकाळी तिने ते हलक्या हाताने भागूला लावलं. लालसरपणा झाकला गेला, गाल मऊ दिसले. चेहरा भागूचाच होता, पण चार दिवस निवांत झोपून उठल्यासारखा.

"वहिनी, तू किती सुंदर दिसतेस!" नणंद म्हणाली.

"दिसते गं," भागू रडवेली होऊन म्हणाली. "पण आत कशी जाऊ?"

ती सगळ्यांच्या आधी जाऊन दारात उभी राहिली. कुलपाने तिला न्याहाळलं. "क्षमा करा." ती गाल आत ओढून पुन्हा उभी राहिली. "क्षमा करा. आता एकच प्रयत्न शिल्लक आहे."

दुसरा इलाज नव्हता. जुनी पिशवी पर्समध्ये होतीच. चट्टे पडले तर पडले, आज एक दिवस फासायचं, असं म्हणून ती प्रसाधनगृहात शिरली आणि जागच्या जागी थबकली.

आत कुणीतरी होतं. उंची कपड्यांतली एक वयस्क बाई आरशासमोर उभी होती. चेहरा नुकताच धुतलेला, लाल, गालांवर सालं निघालेली. हातात एक रिकामी डबी होती आणि ती डबी ती तळहातावर आपटत होती. भागूला पाहून ती केवढी दचकली. अशी दचकणारी माणसं भागूच्या चांगल्या परिचयाची होती.

भागूचा आवाज आपोआप तक्रार विभागातला झाला. "घाबरू नका, मावशी. आधी एक दीर्घ श्वास घ्या. दार उघडत नाहीये ना?"

बाईने नुसती मान हलवली.

"ते तसंच आहे मेलं. नोंदणीच्या दिवशी तुम्ही मेकअप केला असणार, हो की नाही? मग आता तसाच करावा लागणार रोज. माझंही तेच झालंय. बघा माझा चेहरा. त्वचा कोरडी आणि लावतेय तेलकटचं."

"माझीही कोरडीच," बाई पुटपुटली. "पार्लरवालीने त्या दिवशी मॅट लावलं. म्हणाली, फोटोत चमकत नाही."

"आणि बोलायची सोय नाही, मावशी! आमच्या मोठ्या बाईंना कोण सांगणार? त्या म्हणतात कुलूप चुकत नाही. त्यांना काय, त्या संगमरवराच्या. त्यांना कुठे सालं निघतात?"

बाईने रिकामी डबी खाली ठेवली. भागूने मायेने आपली पिशवी उघडून तिच्यापुढे ठेवली. "पावडर संपली ना तुमची? माझी घ्या. थोडीच आहे, पण दोघींचं भागवू."

बाईने फाउंडेशन लावायला सुरुवात केली. चट्टे गेले. सुरकुत्या गेल्या. नाक एकदम धारदार दिसू लागलं. भागू मदतीला आरसा पुसत होती. पुसता पुसता तिचा हात मंदावला. ते नाक तिने कुठेतरी पाहिलं होतं. बाईने पावडरचा पहिला थर दिला. हनुवटी ओळखीची वाटली. भागूच्या मनात आलं, बहीण असेल. देवा, निदान बहीण तरी असू दे. बाईने पेन्सिल घेतली आणि डावी भुवई काढली. आरशात अर्धं संगमरवर तयार झालं. उजव्या भुवईची वाट बघायची गरजच उरली नाही. भागूला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

आपण यांना मावशी म्हणालो. आपण यांच्या कुलपाला मेलं म्हणालो.

"दोघींचं भागणार नाही," मोठ्या बाई रिकामी झालेली पावडरची डबी बंद करत म्हणाल्या. आवाजही आता संगमरवरी झाला होता. "एकाच चेहऱ्याची होती. आज कुलूप विकत घ्यायला मोठे ग्राहक येतायत. मला आत असायलाच हवं." त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "तुमची मुलाखत आहे ना आज? वेळेवर या."

"सुप्रभात," बाहेर कुलूप म्हणाल्याचं भागूला ऐकू आलं.

ती बाहेर येऊन गेटजवळ उभी राहिली. एकेक सहकारी आला, दाराला चेहरा दाखवून आत गेला. काका अधूनमधून तिच्याकडे बघून सुस्कारा सोडत होते. मुलाखतीची वेळ झाली. मागच्या दोन नोकऱ्यांच्या वेळीही भागू अशीच दाराबाहेर उभी राहिली होती आणि मग घरी निघून गेली होती. रस्ता समोरच होता. नवरा रागावला नसता. नणंदेने नवा कोर्स सुरू केला असता. कुणी काही बोललं नसतं, आणि त्याच विचाराने भागूला रडू फुटलं. तिला घरी जायचं नव्हतं. तिला आत जाऊन फोन उचलायचे होते.

तिने नाक पुसलं आणि ती दाराकडे चालू लागली.

"ताई, नका! भोंगा वाजेल!" काका ओरडले.

"वाजू दे," भागू म्हणाली. "दार नाही उघडलं तरी माझा फोटो तर आत जाईल ना, काका."

ती कुलपापुढे उभी राहिली. डोळे मात्र तिने भीतीने घट्ट मिटून घेतले.

भोंग्याचा आवाज इतका मोठा होता की शेजारच्या इमारतीतलेसुद्धा खिडक्यांत आले. कुलूप गोड आवाजात, "अनोळखी व्यक्ती, अनोळखी व्यक्ती" म्हणत राहिलं. काका दोन्ही हात पसरून, कुलपापासून भागूला वाचवायचं की भागूपासून कुलपाला, हे न कळून मध्येच उभे राहिले. आणि मग दार आतून उघडलं. मोठ्या बाई फोन हातात घेऊन बाहेर आल्या. फोनवर मिटल्या डोळ्यांची, रडवेली, लाल नाकाची भागू होती.

"मोठ्या बाई, मशीन म्हणतंय ही..." काकांनी सुरुवात केली.

"मशीनला म्हणू द्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "हिला मी ओळखते."

भागूने डोळे उघडले. मोठ्या बाईंनी पुन्हा एकदा फोनकडे पाहिलं, मग भागूकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आलं. कितीतरी दिवसांचं कोंडलेलं असावं. तो फोटो होताच तसा. ओठांच्या दोन्ही बाजूंनी भेगा निघाल्या, त्या गालांवरून वर गेल्या, आणि पावडरचा एक चांगला मोठा पोपडा त्यांच्या खांद्यावर पडला. त्याच वेळी त्यांच्या मागे दार आपोआप बंद झालं.

मोठ्या बाई वळल्या. कुलपाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"क्षमा करा," ते म्हणालं. "आपली ओळख पटली नाही."

गेटपाशी मोटार थांबल्याचा आवाज आला. ग्राहक आले होते. मोठ्या बाईंचा हात गालावर गेला, मग दारावर, मग पुन्हा गालावर. "आता काय करायचं? ते म्हणतील, हिच्या कंपनीत हिलाच घेत नाहीत... आतून कुणालातरी बोलवा... नको, कुणी बघेल..."

भागूला तो सूर माहीत होता. रोज दिवसभर फोनवर ती तोच ऐकायची. तिला एकदम धीर आला.

"मॅडम, एक दीर्घ श्वास घ्या," ती म्हणाली. "घेतलात? आता आठवून बघा. दुसरं दार आहे का?"

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग दोघींनी मिळून काकांच्या कमरेकडे पाहिलं.

मागच्या दाराला कंपनीचंच जुनं पितळी कुलूप होतं. काकांनी ते एका झटक्यात उघडलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू गेलेली नोकरीच परत मिळाली. मोठ्या बाई आणि भागू खोक्यांच्या रांगांमधून घाईघाईने निघाल्या.

"मुलाखत इथेच घेते," मोठ्या बाई चालता चालता म्हणाल्या. "इतक्या घाबरता, मग तक्रार विभागात कशा टिकलात?"

"समोरचा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला असला की मला सुचतं, मॅडम."

"आज चांगलं सुचलं."

"हो, मॅडम."

खोकी संपली तेव्हा मोठ्या बाई समोर बघत म्हणाल्या, "उद्यापासून कायम." आणि पुढचं दार ग्राहकांसाठी आतून उघडायला त्या निघून गेल्या. ग्राहकांना त्यांनी चेहऱ्याचं कुलूप दाखवलं खरं, पण निघताना ग्राहकांनी मागणी नोंदवली ती पितळी कुलपांची. आत येताना काकांनी त्यांना काय सांगितलं होतं, ते कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. सगळ्यांचे चेहरे पुन्हा भरायचे, आणि या वेळी साबणाने धुऊन, काहीही न लावता. पहिला चेहरा मोठ्या बाईंनी स्वतःचा भरला, तोही लोक यायच्या आधी, काकांना चहाला पाठवून.

त्यानंतरच्या सकाळी भागू गेटपाशी आली तेव्हा तिथे वादावादी चालली होती. साध्या कपड्यांतली, उघड्या चेहऱ्याची, गालाला मलम लावलेली एक बाई दारापुढे उभी होती. कुलपाने हिरवा दिवा लावून तिला "सुप्रभात" म्हटलेलं होतं, आणि काका दारात आडवे उभे होते.

"अहो, उघडलं ना दार? सोडा मला," बाई म्हणत होती.

"मशीन म्हणतंय तुम्ही आहात," काका ठामपणे म्हणाले. "पण मला नाही पटत. मोठ्या बाईंना मी रोज बघतो. त्या अशा नाहीत. पुन्हा घोटाळा झाला तर माझी उरलेली चावीही जाईल."

बाई इकडेतिकडे बघू लागली. ओशाळलेली, भेदरलेली. तिने भागूला पाहिलं आणि तिच्या जिवात जीव आला.

"काका, सोडा त्यांना," भागू म्हणाली. "यांना मी ओळखते."

काका बाजूला झाले. मोठ्या बाई आत गेल्या आणि जाता जाता हसल्या. या वेळी चेहऱ्यावरून काहीही खाली पडलं नाही. भागू कुलपापुढे उभी राहिली. दिवा लागायच्या आधी तिने सवयीने पर्समधून टिशू काढला आणि कपाळावर दाबून पाहिला. तो कोरडा होता.